९ मे १९१६: सेमिनारमधला एक निबंध

(पडद्यावर: न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठाच्या पायऱ्या. जुनी छायाचित्रं.)

९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचा सेमिनार भरलाय. घेणारे प्राध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर, नामवंत मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. आज निबंध वाचायचाय २५ वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याला. भीमराव रामजी आंबेडकर.

बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून ते १९१३ मध्ये इथे आले. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण आजचा निबंध जातीवर आहे: भारतातल्या जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि वाढ.

हा विद्यार्थी पुढे कोण झाला, हे आपण जाणतो. म्हणून हा निबंध आपण हात जोडूनच उघडतो. आज तो सेमिनारचा पेपर म्हणून वाचू या. बी.ए.च्या वर्गात पहिल्यांदा पेपर वाचायला उभ्या राहणाऱ्या मुलामुलींनी तर जरूर वाचावा.

आधी ते पूर्वीच्या अभ्यासकांच्या व्याख्या तपासतात. सेनार, नेसफील्ड, रिस्ली. आणि चौथं नाव आपल्या ओळखीचं, श्रीधर व्यंकटेश केतकर. मराठीत ज्ञानकोश आणणारे तेच केतकर. अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात शिकताना त्यांनी जातीचा अभ्यास केला होता. आंबेडकर त्यांचं कौतुक करतात आणि लगेच त्यांची चूकही दाखवतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली होती. जातीबाहेर लग्नाला बंदी, आणि जातीत जन्मेल तोच जातीचा. आंबेडकर म्हणतात, ही एकाच नाण्याच्या दोन बाजू. बाहेर लग्नच करू दिलं नाही, तर जन्माशिवाय आत यायला वाट उरते कुठे?

म्हणजे सगळी गाठ लग्नात आहे.

पण हा समाज तर मुळात गोत्राबाहेर लग्न करणारा. मग जातीतच लग्न करायचं, हा नियम त्याच्यावर बसला कसा आणि टिकला कसा?

(पडद्यावर: निबंधाचं छापील पान. काही क्षण शांतता.)

इथून पुढे निबंध अंगावर येतो. गट बंद ठेवायचा तर आतल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळायला हवी. नवरा आधी गेला, की बायको जास्तीची ठरते. तिनं जातीबाहेर लग्न केलं तर कुंपण मोडतं. जातीत केलं तर एखाद्या कुमारिकेच्या वाट्याचा नवरा जातो. मग तिला जाळायचं, नाहीतर जन्मभर विधवा ठेवायचं. आणि बायको गेलेल्या पुरुषाचं काय? त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयातही न आलेली मुलगी आणायची.

सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. वेगवेगळ्या वाटणाऱ्या तीन चाली एकाच हिशेबात बसल्या. जात टिकते ती बाईचा जीव आणि बाईचं आयुष्य घेऊन, हे २५ वर्षांच्या तरुणानं १९१६ मध्ये पायरीपायरीनं सिद्ध करत नेलं. माझ्या मते निबंधाचा प्राण इथे आहे.

मनूनं जात निर्माण केली, हे त्यांना मान्य नाही. एकट्या माणसाला ते जमणारच नाही, जात मनूच्या आधीपासून होती, असं ते सांगतात. पुरोहितवर्गानं आधी आपलं दार लावून घेतलं. त्यांचं पाहून इतरांनी आपापली दारं लावली. काहींना ती बाहेरूनच बंद झालेली आढळली.

आणि शेवटी एक कबुली. आपलं म्हणणं अंतिम आहे असा त्यांचा दावा नाही. कुणी पटण्याजोगी कारणं दाखवली, तर हा सिद्धान्त सोडून द्यायची त्यांची तयारी आहे.

मे १९१७ मध्ये हा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला.

१९४४ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या त्यांच्या जातिविरोधी पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. प्रस्तावनेत ते लिहितात की, कोलंबियातला हा निबंध त्यात गुंफून पुस्तक नव्यानं लिहायचं मनात होतं. सवड मिळाली नाही, पुढे मिळेल असंही दिसत नाही, आणि वाचकांची मागणी तर सारखी येते आहे. म्हणून दुसरी आवृत्ती होती तशीच पुन्हा छापली.