मलाही असंच व्हायचं

(स्वयंपाकघर. भिंतीवर कालनिर्णय. तारखांवर पेनानं केलेल्या खुणा.)

आमच्या कालनिर्णयवर तीन प्रकारच्या खुणा असतात. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख आणि माझ्या लेकीची पाळी. पाळीचा गोल लाल. गेल्या वर्षीपासून त्या गोलाशेजारी एक आकडा असतो, ० ते १०. किती दुखलं, त्याचा.

तो आकडा लिहायला आम्हाला तीन वर्षं उशीर झाला.

तिला पाळी आली तेव्हा ती सहावीत होती. सुरुवातीचे महिने बरे गेले. मग कळा यायला लागल्या, कमरेपासून मांड्यांपर्यंत. उलट्या व्हायच्या. मी ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली, मेडिकलमधून गोळी आणली. आणि दर वेळी म्हणायचे, "अगं, मलाही असंच व्हायचं." माझी आई मला हेच म्हणायची. मला वाटायचं, मी धीर देतेय. तिला मात्र ऐकू यायचं, 'सोस मुकाट्यानं.'

नववीत दर महिन्याला दोन-तीन दिवस शाळा बुडायला लागली. पाळी नसतानाही ओटीपोट दुखायचं. शौचाला बसताना कळ यायची, पण हे आईला तरी कसं सांगायचं म्हणून ती गप्प राहायची. "परीक्षा आली की हिचं पोट दुखतं," असं शाळेतून ऐकायला मिळालं. एक दिवस मलाही ते खरं वाटलं. त्या दिवशीचा तिचा चेहरा मी विसरलेले नाही.

पहिल्या डॉक्टरांनी पोटावरून सोनोग्राफी केली. रिपोर्ट नॉर्मल. म्हणाले, "लग्न झालं की थांबेल." ती चौदा वर्षांची होती.

(दवाखाना. टेबलावर गर्भाशयाचं प्लास्टिकचं मॉडेल.)

मग आम्ही मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्या बाईंनी आधी लेकीला बोलतं केलं. शाळा किती बुडते, रात्री झोप लागते का, लघवीला-शौचाला दुखतं का, सगळं. नंतर माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला त्रास व्हायचा? तुमच्या आईला? बहिणीला?"

मी म्हटलं, "हो, मलाही असंच व्हायचं."

त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. ज्या वाक्यानं मी माझ्या मुलीला गप्प करत होते, ते डॉक्टरांच्या कामाचं निघालं. आई किंवा बहिणीला हा आजार असेल, तर मुलीला होण्याची शक्यता वाढते.

आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाला आतून जे अस्तर असतं, तसंच अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं. अंडाशयावर, ओटीपोटाच्या आवरणावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. तिथे सूज येते, व्रण धरतात, कधी आतले अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १९ कोटी मुली-बायकांना हा आजार आहे, पाळीच्या वयातल्या साधारण दहांत एकीला. निदान व्हायला ४ ते १२ वर्षं जातात.

कोवळ्या वयात या बाहेर वाढलेल्या अस्तराचे डाग बारीक असतात. लालसर किंवा अगदी पारदर्शक. सोनोग्राफीत ते बहुतेक वेळा दिसतच नाहीत. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी आजार असू शकतो. पूर्वी पोटात दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांपासून दुर्बीण सगळ्यांना लागतेच असं नाही, आधी औषध देऊन बघता येतं.

औषध म्हणजे हार्मोनच्या गोळ्या. गर्भनिरोधक म्हणून देतात त्याच. इथे माझा हात थबकला. कुमारिकेला या गोळ्या? घरात कुणी पाकीट पाहिलं तर? डॉक्टरांनी मॉडेल हातात घेऊन समजावलं. गोळ्यांनी अस्तर पातळ राहतं, रक्तस्राव कमी होतो, दुखणं आटोक्यात येतं. आजार मुळातून जात नाही. गोळ्या थांबवल्या की पाळी पूर्वीसारखी येते, पुढे मूल व्हायला त्या आड येत नाहीत. दुखण्याची गोळी कळा शिगेला जायच्या आत, काहीतरी खाऊन घ्यायची, तीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच.

त्या रात्री लेक माझ्या अंथरुणात आली. "आई, मला बाळ होणार नाही का?" तिनं मोबाइलवर वाचलं होतं. मी उत्तर बनवून सांगितलं नाही. पुढच्या खेपेला तिलाच डॉक्टरांना विचारू दिलं. त्या म्हणाल्या, "बाळा, हा आजार असलेल्या कितीतरी जणींना मुलं होतात. काहींना उपचार लागतात. आज तुझं काम एकच, दुखलं की सांगायचं."

(व्हरांडा. आजी भाजी निवडतेय, नात शेजारी अभ्यासाला.)

तिचे बाबा आता पाळीच्या दिवसांत ऑफिसमधून फोन करतात, "आज आकडा किती?" एवढंच. पण विचारतात.

माझी आई महिन्याभरासाठी आली होती. कालनिर्णयवरचे आकडे बघून तिनं विचारलं, हे काय? नातीनं सांगितलं. आई बराच वेळ शेंगाच सोलत बसली. मग म्हणाली, "आम्ही बाजूला बसायचो ना, त्या चार दिवसांत कुणी फिरकायचं नाही. तेवढंच पोट धरून रडता यायचं."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

या महिन्यात आकडा ५. दुसऱ्या दिवशी लेक शाळेत गेली. परवा मिरजेला फेरतपासणी आहे. केसपेपरवर आजीचंही लिहून घ्यायचंय.