ओख्याच्या खडकावरचं लाल शेवाळ

बसा बसा, पुढे खुर्च्या आहेत अजून. बडोद्यात बसून समुद्री शेवाळावर काय बोलणार असं दोघातिघांनी विचारलं मला, तर आधी हेच सांगतो की ओखामंडळ, म्हणजे द्वारका, बेट द्वारका, ओखा हा सगळा पट्टा गायकवाडांच्या राज्यातच होता, आणि जेम्स हॉर्नेल या समुद्री जीवशास्त्रज्ञाने तिथल्या समुद्री जीवांवरचा रिपोर्ट बडोदा सरकारसाठीच लिहिला, पहिला भाग १९०९ चा. म्हणजे विषय घरचाच आहे हो.

आता अगर. चायना ग्रास म्हणून तुम्ही जे दुधात उकळून पुडिंग करता तेच, लाल शेवाळाच्या पेशींच्या भिंतीतून निघतं. उकळीला विरघळतं, साधारण ३५-४० डिग्रीला थिजतं, पण एकदा थिजलं की ८५ च्या आसपास गेल्याशिवाय परत वितळत नाही! सगळी गंमत यातच आहे. रॉबर्ट कॉख या जर्मन जंतुशास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये बॅक्टेरिया जिलेटिनवर वाढवायचे, ते ३७ डिग्रीला पाणी व्हायचं आणि काही बॅक्टेरिया तर तेच खाऊन टाकायचे, तेव्हा तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसेच्या बायकोने, फॅनी हेसेने, १८८१ मध्ये सुचवलं की अगर वापरून बघा, कारण ती स्वयंपाकघरात जेली त्याचीच करायची. कॉखने १८८२ च्या टीबीच्या पेपरात अगरचा उल्लेख केला, बाईंचं नाव मात्र कुठेच नाही. असो.

हे शेवाळ लाल का, तर फायकोएरिथ्रिन नावाच्या रंगद्रव्यामुळे, पाण्यात खाली पोचणारा निळा-हिरवा उजेड ते पकडतं. पण मला खरं बोलायचंय ते त्याच्या संसाराबद्दल. ग्रासिलारिया घ्या, अगर देणारंच एक लाल शेवाळ. नर वेगळा, मादी वेगळी, आणि तिसरं एक झाड, दिसायला हुबेहूब तसंच पण त्याच्यात गुणसूत्रं दुप्पट. फलन झालं की मादीच्या फांद्यांवर बारीक बारीक पुटकुळ्या येतात, नुसत्या डोळ्यांनी दिसतात, बोटाला खरखरीत लागतात, त्यातून बीजाणू सुटतात आणि त्यांचं ते तिसरं झाड होतं, आणि त्या झाडाच्या बीजाणूंतून परत नर-मादी. आता लाल शेवाळाच्या शुक्रपेशीला शेपूटच नसतं, पोहता येत नाही, मग ती मादीपर्यंत पोचते कशी? सगळे म्हणायचे पाण्याबरोबर वाहत जाते. २०२२ मध्ये फ्रान्सच्या रोस्कॉफमधल्या लोकांनी दाखवलं की शेवाळावर चरणारा आयडोटिया नावाचा एक छोटा कवचधारी प्राणी अंगाला त्या पेशी चिकटवून नेतो, मधमाशी परागकण नेते ना, तसं. मी तो पेपर वाचून खुर्चीतून उठलोच होतो.

शेतीला या संसाराची गरज पडत नाही असं वाटतं, कारण ग्रासिलारियाचा तुकडा तोडून दोरीच्या पिळात खोचला की तो वाढतो. रामेश्वरमकडे ज्याला कंजी पासी म्हणतात तो ग्रासिलारिया एड्युलिस असाच दोरीवर लावता येतो. पण तुकड्याचा तुकडा, त्याचा परत तुकडा असं करत गेलं की जोम उतरतो, वर दुसरी शेवाळं चढतात, आणि मग बीजाणूंकडे वळावंच लागतं, म्हणजे पुटकुळ्यावाल्या माद्या टाकीत दोऱ्यांवर ठेवायच्या आणि थांबायचं. पुष्कळ थांबायचं.

जेलिडियमचं तर आणखीनच कठीण. लॅबचं उत्तम अगर त्यातून निघतं, पण ते लाटा आपटतात त्या खडकाला धरून इतकं सावकाश वाढतं की शेती परवडतच नाही, सगळं रानातलंच गोळा करायचं. म्हणूनच मोरोक्कोने निर्यातीवर मर्यादा घातल्यावर २०१५ मध्ये जगभरच्या लॅबना अगरची चणचण जाणवली. आपल्याकडे त्याच्या जवळचं जेलिडिएला, मरिकोळुंदु पासी, ते मन्नारच्या आखातात बायका बोटांना चिंध्या गुंडाळून, बुडी मारून हाताने खुडतात. ग्रासिलारियाच्या अगरमध्ये सल्फेट जास्त, जेल मऊ येते, म्हणून आधी कॉस्टिक सोड्यात गरम करतात, मग ती घट्ट होते. भावनगरच्या मीठ आणि समुद्री रसायनांच्या सरकारी संस्थेने, तीच १९५४ ची, आपल्याच किनाऱ्यावरच्या ग्रासिलारिया ड्युरापासून अ‍ॅगरोज, म्हणजे अगरमधला शुद्ध, घट्ट थिजणारा भाग, काढून दाखवलंय, आणि माझ्या मते गुजरातने लक्ष द्यावं ते इथे.

मागून प्रश्न आलाय, या शेतीत पैसे घालावेत का. हे बघा, यूट्यूबवर तराफ्यांवर भराभर वाढणारं जे दाखवतात ते बहुतेक कप्पाफायकस नावाचं दुसरं लाल शेवाळ, त्यातून कॅराजीनन नावाचा वेगळा थिजणारा पदार्थ निघतो, अगर नाही, तेव्हा आधी रोप कुठलं ते विचारा. दुसरं, आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र खवळतो, दोऱ्या तराफे टिकत नाहीत, आणि पाणी निवळल्यावर परत लावायला बियाणं हवं ना, ते किनाऱ्यावरच्या टाकीत जगवायचं, वाहतं खारं पाणी, पंप, वीज, सगळं आलं. तो खर्च बांबू-दोरीच्या आधी मांडा आणि मग मला फोन करा.