तीनशे घोडे, दोन चाकं

(दृश्य: ओला डांबरी रस्ता. हिरवी फोर्ड फोकस आरएस जागेवरून सुटते. पुढचं एक चाक गरगर फिरतं, गाडी मात्र रेंगाळते.)

ही फोर्ड फोकस आरएस, दुसरी पिढी. २००९ साली विक्रीला आली. अडीच लिटरचं पाच सिलिंडर टर्बो इंजिन, ३०५ पीएस (म्हणजे जवळपास तितकीच हॉर्सपॉवर) ताकद, ४४० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. आणि हे सगळं पुढच्या दोन चाकांच्या गळ्यात.

पुढच्या चाकांना एवढं झेपत नाही, असं जाणकार म्हणायचे. त्यात तथ्य होतं. हिशोबच मांडू.

दीड हजार किलोची गाडी धरा, त्यातले ९०० किलो पुढच्या चाकांवर. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, पुढच्या-मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर. ही गाडी गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणानं सुटली, की साधारण १४४ किलो भार पुढून उठून मागे जातो. मागे, जिथे त्याचा ओढायला काहीच उपयोग नाही. पुढे उरले साडेसातशे किलो. कोरड्या डांबरावर चांगला टायर साधारण स्वतःवरच्या भाराइतकीच ओढ देतो. चाकाची त्रिज्या साधारण ३२ सेंटिमीटर धरली, तर दोन्ही चाकं मिळून रस्त्याला देऊ शकतात ते सुमारे २,४०० न्यूटन-मीटर. इंजिनचे ४४० मात्र पहिल्या गिअरमधून चाकापर्यंत येता येता दहापटीहून जास्त होतात. पाऊस पडला, की तो २,४००चा आकडाही घसरतो.

जास्तीचा टॉर्क चाक नुसतं फिरवतो आणि रबर जाळतो.

(दृश्य: उघडलेला डिफरन्शियल, आतले छोटे दातेरी गिअर फिरताना.)

खरी खोड इथे आहे. डिफरन्शियल म्हणजे इंजिनची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा आणि वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरसंच. साधा डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देतो. डावं चाक ओल्या वाळूवर आलं आणि त्याला फक्त २०० न्यूटन-मीटर पेलवत असतील, तर उजव्यालाही २००च मिळतात. उजवं कोरड्यावर असो, त्याची हजाराची ऐपत असो, उपयोग शून्य. कमकुवत चाक ठरवतं, गाडी किती ओढणार. वळणावर तर आतलं चाक हलकं होतंच, त्यामुळे तिथे हे हमखास घडतं.

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल. चाकाची पकड सुटली, की संगणक इंजिनचा दम कमी करतो किंवा त्या चाकाला ब्रेक लावतो. ब्रेकची युक्ती हुशारीची आहे: डिफरन्शियलला वाटतं, त्या चाकाला पकड मिळाली, आणि दुसऱ्या चाकाचाही टॉर्क वाढतो. पण ब्रेक तापतात, पॅड झिजतात, आणि पैसे मोजून विकत घेतलेली ताकद उष्णता होऊन उडून जाते. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकतो, तेव्हा काही मंडळी खुश होतात, गाडीत केवढा दम आहे म्हणून. खरं तर तेवढा वेळ तो दम आवरून धरलेला असतो.

फोर्डनं क्वाइफ कंपनीचा मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल घेतला. त्यात तिरप्या दातांचे गिअर असतात. एका चाकाची पकड सुटू लागली, की ते गिअर आपल्याच बाहेरच्या कवचावर दाबले जातात आणि त्या घर्षणातून जास्त टॉर्क पकड असलेल्या चाकाकडे जातो. संगणक नाही, सेन्सर नाही.

हा डिफरन्शियल पहिल्या पिढीच्या आरएसमध्येही होता, २००२ साली, २१५ पीएसवर. ओढ उत्तम मिळाली. पण एक दुखणं बरं करताना दुसरं बळावलं. दोन चाकांना वेगवेगळा टॉर्क मिळू लागला, की स्टिअरिंग त्या फरकानं वळू पाहतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती गाडी बाजारात हात ओढणाऱ्या पोरासारखी चालकाला खेचायची, कधी डावीकडे, कधी उजवीकडे.

(दृश्य: पुढचं चाक काढलेलं. कॅमेरा स्ट्रट आणि नकलच्या जवळ.)

इथे जरा नीट बघा. साध्या मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये (बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांची नेहमीची जोडणी) उभा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा खांब, आणि चाक धरणारा नकल एकमेकांना घट्ट बोल्ट केलेले असतात. स्टिअरिंग फिरवलं, की दोन्ही एकत्र वळतात. वळण्याचा अक्ष वर स्ट्रटच्या टोकातून आणि खाली आर्मच्या (चाक गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बॉल जॉइंटमधून जातो. चाकाचा मध्य या अक्षापासून काही सेंटिमीटर बाहेर असतो. ते अंतर म्हणजेच तरफ. चाकाची ओढ या तरफेवर काम करते. दोन्ही बाजूंची ओढ सारखी असेल, तर हिशोब फिटतो. नसेल, तर फरक थेट चालकाच्या हातात येतो.

दुसऱ्या पिढीच्या आरएसमध्ये फोर्डनं नकलचे दोन भाग केले. नाव दिलं रेव्होनकल. आतला भाग स्ट्रटला धरून असतो, तो वर-खाली होतो पण वळत नाही. बाहेरचा भाग स्वतःच्या दोन सांध्यांवर वळतो, आणि ते सांधे चाकाच्या अगदी लगत. तरफ आखूड झाली. आता डिफरन्शियलनं टॉर्क कितीही असमान वाटून दिला, तरी हाताला झटका कमी बसतो. चाक घसरणं थांबवण्याचं काम डिफरन्शियलचंच; रेव्होनकलनं त्याला मोकळेपणानं काम करू दिलं. २०१०च्या आरएस ५०० आवृत्तीत याच पुढच्या चाकांवर फोर्डनं ३५० पीएस टाकले.

आपल्याकडे हा विषय पोहोचला तो बहुतेक स्कोडामुळे. २०२०मध्ये भारतात ऑक्टाव्हिया आरएस २४५च्या फक्त २०० गाड्या आल्या. त्यांच्या डिफरन्शियलमध्ये तेलाच्या दाबावर चालणारा क्लच आहे, आणि संगणक तो हवा तेव्हा आवळतो. बाकी टर्बो पेट्रोल गाड्यांचे मालक मात्र आधी रीमॅप करतात, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवतात, आणि चाकं फिरायला लागली की उपाय शोधतात. क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत. पहिला खर्च टायरवर: कडक, जुनाट रबरावर कुठलाच डिफरन्शियल चमत्कार करत नाही. मग इंजिनच्या माउंटिंगची रबरं तपासा. ती सैल असली की जोरात सुटताना इंजिन मागेपुढे डुलतं, चाक पकडतं, सुटतं, पुन्हा पकडतं, आणि पुढून धडधड ऐकू येते. त्या धडधडीत ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे चाकापर्यंत ताकद नेणारा दांडा, तुटू शकतो. रीमॅप करायचाच, तर पहिल्या दोन गिअरमध्ये बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) कमी ठेवून घ्या. ओल्यात दुसऱ्या गिअरमध्ये, स्टिअरिंग सरळ ठेवून, हलक्या पायानं निघा. हे फुकट आहे.

घसरण शून्यावर मात्र आणायची नसते. टायर सगळ्यात जास्त ओढतो तो किंचित घसरताना, साधारण दहा-पंधरा टक्के.

(दृश्य: जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकचं वळण, होंडा सिव्हिक टाइप आर.)

२०१६च्या तिसऱ्या आरएसमध्ये फोर्डनं हा हट्ट सोडला आणि ताकद चारही चाकांना दिली. होंडानं सोडला नाही. रेव्होनकलसारखाच दोन अक्षांचा स्ट्रट, तिरप्या दातांचा डिफरन्शियल, २४५ मिलिमीटर रुंद टायर आणि ३२० पीएस घेऊन सिव्हिक टाइप आरनं २०१७च्या एप्रिलमध्ये नुर्बुर्गरिंगची फेरी ७ मिनिटं ४३.८० सेकंदांत मारली. ओढत होती फक्त पुढची दोन चाकं.