मधल्या थांब्याचं काय?

मघाशी चहाच्या वेळी तुमच्यातल्या एका सरांनी मला गाठलं. म्हणाले, "सर, सरळ सांगा, पोरींना पळवू की सर्किट घेऊ?" सर्किट म्हणजे ओळीनं मांडलेले व्यायाम, एकामागून एक करत जायचे. तालुक्याची कबड्डी स्पर्धा तोंडावर आली की हा प्रश्न येतोच. मी उलट विचारलं, तुमच्या पोरीची एक चढाई किती सेकंद चालते आणि पुढची येईपर्यंत तिला किती वेळ मिळतो? ते म्हणाले, कधी मोजलं नाही. खोटं कशाला बोलू, बारा वर्षं मीही मोजलं नव्हतं.

आमचा शिरस्ता ठरलेला. सकाळी साडेसहाला मैदानाला आठ फेऱ्या, कुणी रेंगाळली की शिट्टी. पोरी फेऱ्या मारण्यात पटाईत झाल्या. सामन्यात मात्र उत्तरार्धात आमची मुख्य चढाईपटू बोनस गुणासाठी रेषेपार पाय टाकायची आणि परत फिरताना तोच पाय उचलायचा नाही. घोटा कोपऱ्यातल्या बचावपटूच्या हातात. मी बाहेरून ओरडायचो, "दम कमी पडतोय!" आणि दुसऱ्या दिवशी आठाच्या दहा फेऱ्या.

एकदा तोंड बंद ठेवून स्टॉपवॉच घेऊन बसलो. नियमाने चढाई ३० सेकंदांची. त्यातला बराचसा वेळ ती चाचपत असते. खरा झटका शेवटच्या पाच-सात सेकंदांचा. मग मिनिट-दोन मिनिटं बचावाच्या साखळीत हात धरून उभी. झटका, थांबा, पुन्हा झटका. आणि आम्ही तिला शिकवत होतो एका लयीत पंचवीस मिनिटं पळायला!

अशा झटक्यासाठी स्नायूत तयार इंधनाचा छोटा साठा असतो, फॉस्फोक्रिएटिनचा. सगळा जोर लावला तर आठ-दहा सेकंदांत तो संपत येतो. अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा भरतो. पुरता भरायला तीन ते पाच मिनिटं जातात. आता कुणी म्हणेल, मग फेऱ्या बंद. तसंही नाही. साठा पुन्हा भरायला प्राणवायू लागतो, आणि तो पोचवणारं हृदय संथ, लांब धावण्यानं घडतं. जून-जुलैत खुशाल पळवा. स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात तेवढंच करत राहिलात, तर माझ्यासारखे ओरडत बसाल.

इंटरव्हल ट्रेनिंग आपण सगळे घेतो, पण इंटरव्हल म्हणजे काय? धावणं नव्हे, मधला थांबा. १९३०च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्श्लर हे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हे हृदयाचे डॉक्टर यांनी ही पद्धत बसवली. नाडी १८०पर्यंत चढू द्यायची, मग थांबायचं. दीड मिनिटात ती १२०वर उतरली नाही, तर डोस जास्त झाला, आज पुरे. गेर्श्लरच्या रुडॉल्फ हार्बिगनं १९३९मध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून केलेला विक्रम सोळा वर्षं टिकला. आपण त्यांचं धावणं उचललं आणि थांबा विसरलो. आपल्याकडे थांबलेल्या पोराला आळशी म्हणतात.

थांबा हुकला की काय होतं, याची हकीकत आपल्याच मातीत सांगतात. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना एक लांबलेली कुस्ती संपताच लगेच दुसऱ्या मल्लासमोर उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण भांडायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. तरी गड्यानं कांस्यपदक आणलं.

आता तालमीकडे येतो, कारण मागच्या रांगेत दोघांचे कान पैलवानासारखे तुटलेले दिसतायत. जोर आणि सपाट्यांनी खांदा, पाठ, कंबर एका साखळीत कामाला लागते. मशीनवर एकेक स्नायू सुटा घोटून ते जमत नाही. आखाडा उकरणं, दोर चढणं, करेला म्हणजे जड मुद्गल फिरवणं, हे सगळं कसदार काम आहे. माझी तक्रार फक्त आकड्याच्या हौशीबद्दल. पाचशे बैठका काढणाऱ्याची चिकाटी वाढते, पण एका दणक्यात समोरच्याला उचलायची ताकद बैठकांचा आकडा वाढवून येत नाही. तिला जड वजन, थोड्या आवृत्त्या आणि भरपूर विश्रांती लागते. शिवाय मातीवरची कुस्ती लांबते. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ३० सेकंद. वस्तादांनी मेहनतीची वाटणीही त्या हिशोबानं बदलायला हवी.

सर्किट १९५३मध्ये लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अ‍ॅडमसन यांनी आखलं. पोरं जास्त, वेळ कमी: थेट आपल्या शाळेचीच अडचण. त्यांची खुबी अशी की आधी प्रत्येकाची चाचणी घ्यायची आणि जो जेवढं काढेल त्याच्या निम्मा त्याचा डोस. आपण काय करतो? साठ पोरांना सरसकट वीस जोर. एकाला ते पोरखेळ, दुसऱ्याचे हात थरथरतात. मोठ्या वर्गासाठी सर्किटसारखं दुसरं काही नाही, पण चढाईचा झटका त्यातून येईल ही आशा सोडा.

झटक्यासाठी उड्या. प्लायोमेट्रिक म्हणतात त्या. रशियाच्या वेर्खोशान्स्कीनं उंचावरून खाली उतरून तत्क्षणी वर उडी घ्यायचा प्रकार रुळवला. स्नायू ताणला गेल्या गेल्या आकसला तर जास्त जोर देतो, एवढंच त्यातलं मर्म. मोबाइलवर बघून आठवीच्या पोरांना स्टेजच्या कट्ट्यावरून उड्या मारायला लावू नका. आधी जमिनीवरच उतरायला शिकवा: गुडघे आत न वळता, आवाज न करता. धप्प आवाज आला की समजा पोरगं अजून तयार नाही.

मी सध्या काय घेतो, तर सहा सेकंदांची चढाई, खरी, समोर बचाव लावून. मग नव्वद सेकंद थांबा, अशा सहा. पाय जड दिसले की चौथीलाच बंद. पोरी सुरुवातीला म्हणाल्या, सर, एवढंच?

चला, ऊन चढायच्या आत मैदानावर जाऊ. चौघांना मी चढाईला घेणार आहे. बूट घालून या, आणि कुणाकडे तरी चालू स्टॉपवॉच असू द्या, माझ्याचा सेल गेलाय.