पाचपैकी किती?

(दृश्य: शुक्रवार. दुपारचा खेळ सुटलाय, पार्किंगमध्ये गाड्या काढायची घाई.)

कोल्हापुरात सिनेमाचा निकाल पार्किंगमध्ये लागतो. गाडी बाहेर काढता काढता कुणी "विषय हार्ड हाय" म्हणालं, की संध्याकाळच्या खेळाला गर्दी ठरलेली. "बरा हाय" म्हणालं, तर बरा नाही असं धरून चालायचं. आणि चौघं मित्र सिनेमाबद्दल एक शब्द न काढता जेवायला कुठं जायचं ते ठरवायला लागले, तर निर्मात्याचं अवघड आहे.

हे सगळं ऐकून झालं की मी लिहायला बसतो. नव्या सिनेमावर चार ओळी आणि पाचपैकी तारे, एवढाच माझा धंदा. चार ओळींत काय सांगून होतं, असं विचारणारे भेटतात. त्यांना मी खरी कॉर्नरला पाठवतो.

(दृश्य: खरी कॉर्नर, कॅमेरा स्तंभ.)

बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. लोकमान्य टिळकांनी त्यांना पदवी दिली, ‘सिनेमा केसरी’. दोन शब्द. त्याला तारे लावायची गरज कुणाला वाटली नाही, कारण तारे तेव्हा निघालेच नव्हते. ते आले १९२८ साली, न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये. आयरीन थिरर नावाच्या समीक्षक बाईंनी सिनेमांना तारे द्यायला सुरुवात केली, तेही तीनपैकी. इकडे त्याच्या पुढच्याच वर्षी कोल्हापुरात ‘प्रभात’ फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १९३२ साली इथूनच मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ बाहेर पडला. म्हणजे तारे आणि आमचे बोलपट साधारण एकाच वयाचे. त्यातल्या ताऱ्यांवर माझा विश्वास जरा कमी आहे.

त्यातही तीन तारे. पाचपैकी तीन म्हणजे मुलगी बघून निघताना पाहुणे "कळवतो" म्हणतात, तसं आहे. कुणी दुखावत नाही, आणि कुणाला काही कळतही नाही. पहिला अर्धा तास झोपवणारा आणि शेवटी हलवून सोडणारा सिनेमाही तीन. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट, तोही तीन. आता यातल्या कुठल्या सिनेमाला आईवडिलांना घेऊन जायचं?

टक्क्यांचा घोळ तर आणखी मोठा. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या वेबसाइटवर शंभर टक्के दिसले की लोकांना वाटतं, शंभरपैकी शंभर मार्क मिळाले. तसं नसतं. किती समीक्षकांना सिनेमा आवडला, एवढंच तो आकडा सांगतो. दहाच्या दहा जणांनी "ठीक आहे, बघायला हरकत नाही" म्हटलं तरी शंभर टक्के. आणि सहा जणांनी डोक्यावर घेतला, चौघांनी आपटला, तर साठ. माझ्यासारख्याला त्या साठवाल्याला जावंसं वाटतं. भांडण होईल असं काहीतरी त्यात नक्की असणार.

(दृश्य: अंधारातलं थिएटर. मांडीवर वही, पडद्याच्या उजेडात दिसणारं तिरकं अक्षर.)

अंधारात लिहिलेलं नंतर निम्मं लागत नाही, ओळीवर ओळ चढलेली असते. पण एक गोष्ट मी घड्याळ बघून लिहितो. पुढच्या रांगांमध्ये मोबाइल उजळायला लागले, ती वेळ. एखादा पेटला तर त्याला घरून फोन आला असेल. सहा-सात एकदम पेटले, की दिग्दर्शकाच्या हातून प्रेक्षक सुटलेत. ‘दशावतार’मध्ये मध्यंतरापर्यंत असं काही झालं नाही. दिलीप प्रभावळकर, वय ऐंशीच्या पुढं, आणि नजर त्यांच्यावरून हलत नाही. मी लिहिलं: "पहिला भाग प्रभावळकरांचा, दुसरा भाग भाषणांचा. पहिल्यासाठी जा, दुसऱ्यासाठी थांबायला हरकत नाही." साडेतीन.

‘सैयारा’ची ओळ आणखी छोटी होती: "वीस वर्षांचे असाल तर रडाल, चाळीसचे असाल तर गाणी ऐकाल." अडीच.

‘छावा’च्या वेळी मात्र चार ओळींचा घाम निघाला. हे छत्रपतींच्या गादीचं गाव. शेवटच्या अर्ध्या तासात माणसं हुंदके देत होती. दिवे लागले, घोषणा सुरू झाल्या, आणि माझ्या शेजारचे एक आजोबा हात जोडून उभे राहिले. अशा हॉलमधून बाहेर येऊन "संकलन सैल आहे" असं लिहायचं म्हणजे छातीच पाहिजे. अडचण ही, की तारे मी सिनेमाला देतो आणि वाचणारा ते संभाजी महाराजांना दिले असं समजतो. इतिहासाबद्दलचा आदर आणि पटकथेतली ढिलाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाचपैकी किती या हिशेबात बसतच नाही. वाक्यात बसतं. म्हणून लिहिलं: "विकी कौशल जीव ओततो, संगमेश्वरची लढाई अंगावर येते. ए. आर. रहमानचं संगीत त्या काळात रुजत नाही, आणि पहिल्या तासात लढायाच आहेत, माणूस कमी आहे." तीन. हो, तोच तीन, ज्याच्या नावानं मी आत्ता बोटं मोडली. फोन आले. एक काका म्हणाले, "तुमचं सगळं पटलं, पण तीन न्हाई द्यायचं, भावा." मी विचारलं, किती द्यायचे? म्हणाले, "द्यायचंच न्हाईत."

काकांचं म्हणणं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

(दृश्य: बुकिंग खिडकीवरचा खेळांच्या वेळांचा फलक.)

मोठ्या हिंदी सिनेमाला माझ्या ओळीनं काही फरक पडत नाही. मराठीचं गणित वेगळं. शुक्रवारी मिळालेले खेळ रविवारपर्यंत भरले नाहीत, तर सोमवारपासून वेळा बदलतात: सकाळी नऊचा, नाहीतर रात्री उशिराचा. नोकरदारानं कधी जायचं? जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ २०२३ साली टोरोंटोच्या चित्रपट महोत्सवात पुरस्कार घेऊन आला आणि आपल्याकडं लागला मार्च २०२५ मध्ये. विदर्भातल्या मुलीला बघायला येणारे पाहुणे, तीच खुर्ची, तेच प्रश्न, नाव सांग, उंची सांग, पुन्हा, आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी हॉलमधलं हसू बंद पडतं. चार तारे. रोहन कानवडेंचा ‘साबर बोंडं’ जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवून आला. वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस गावात काढणारा आनंद आणि त्याचा गावातला दोस्त बाळ्या. "घाईत असाल तर जाऊ नका. निवांत असाल तर चुकवू नका." चार.

हे दोन्ही सिनेमे पार्किंगमध्ये गाजणारे नव्हेत. त्यांचा प्रेक्षक घरी जातो, जेवतो, दुसऱ्या दिवशी दुपारी कुणालातरी सांगतो. त्या कुणीतरी मनावर घेईपर्यंत बुधवार उजाडतो, आणि फलकावरून नाव उतरलेलं असतं. म्हणून हल्ली मराठी सिनेमावर लिहिताना मी सगळ्यात वर कुठं लागलाय आणि खेळ किती वाजता आहे ते टाकतो. मग चार ओळी. तारे सगळ्यात खाली, तेसुद्धा संपादक सोडत नाहीत म्हणून.