ॲक्सेस पॉइंटचं ‘ॲडव्हान्स्ड’ पान: काय हलवायचं, कशाला हात लावायचा नाही

मंडळी, ॲक्सेस पॉइंटमध्ये, म्हणजे वाय-फाय पसरवणाऱ्या यंत्रात, लॉगिन केल्यावर ‘ॲडव्हान्स्ड’ नावाचं एक पान दिसतं. त्यातल्या बहुतेक रकान्यांना हात लावायची गरज नसते. चार-पाच मात्र असे आहेत, की ते नीट भरले तर तेच यंत्र दुप्पट माणसांना पुरतं. आज मुख्यतः त्यांच्याबद्दल बोलू.

आधी एक गोष्ट पक्की करू. एका चॅनलवर, म्हणजे वाय-फायच्या एका ठराविक लहरपट्टीवर, एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. बाकीची ऐकतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात. त्यामुळे वाय-फायमध्ये खरी टंचाई असते ती हवेतल्या वेळेची. इंटरनेटचा प्लॅन ३०० मेगाबिटचा घेतला तरी हवेतला वेळच संपला असेल, तर व्हिडिओ गोल गोल फिरत राहणार. पुढची प्रत्येक सेटिंग या एका कसोटीवर तपासायची: तिने वेळ वाचतो की खर्च होतो?

उदाहरणाला तालुक्याच्या गावातली एक अभ्यासिका घेऊ. दोन मजले, आरसीसीच्या भिंती, साठेक मुलं, प्रत्येकाजवळ फोन आणि काहींजवळ लॅपटॉप. ॲक्सेस पॉइंट तीन. वाय-फायची नावं चार: विद्यार्थी, कार्यालय, पाहुणे, कॅमेरे. अशी मांडणी सर्रास दिसते आणि तिचा पहिला दोष या चार नावांतच असतो.

प्रत्येक नावासाठी ॲक्सेस पॉइंट ‘मी इथे आहे’ असं सतत सांगत असतो. त्याला बीकन म्हणतात. ‘बीकन इंटरव्हल’च्या रकान्यात १०० लिहिलेलं असतं, म्हणजे १०२.४ मिलिसेकंदांना एक, सेकंदाला जवळजवळ दहा. बीकन साधारण ३०० बाइटचा धरा. २.४ गिगाहर्ट्झवर मूळ सेटिंग न बदलता तो १ मेगाबिट वेगाने जातो. हिशोब केला तर एका बीकनला सुमारे २.६ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला दहा म्हणजे एका नावामागे अडीच टक्के वेळ. चार नावांचे दहा टक्के. तिन्ही यंत्रं एकाच चॅनलवर असतील आणि एकमेकांना ऐकत असतील, तर तीस टक्के. अजून एकाही मुलाने काही उघडलेलं नाही आणि जवळजवळ एक तृतीयांश वेळ नुसत्या हाका मारण्यात गेला.

यावर लोक बीकन इंटरव्हल ३०० करतात. तसं करू नका. फोनला नेटवर्क सापडायला उशीर होतो आणि काही जुन्या यंत्रांची जोडणी तुटते. उपाय दोन आहेत. नावं दोनवर आणा. कॅमेरे केबलवर घ्या, पाहुणे आणि विद्यार्थी एकाच नावाखाली ठेवा. मग ‘बेसिक रेट’ किंवा ‘मिनिमम रेट’चा, म्हणजे या हाका मारण्याच्या वेगाचा, रकाना शोधा. तिथे १, २, ५.५ आणि ११ मेगाबिट या चारही खुणा काढा. हे ‘८०२.११ बी’ या वाय-फायच्या जुन्या पद्धतीच्या काळातले वेग आहेत. सर्वांत खालचा बेसिक रेट १२ ठेवला, की तोच बीकन पाव मिलिसेकंदाच्या आसपास आटोपतो. एका नावाचा खर्च अडीच टक्क्यांवरून पाव टक्क्यावर येतो. या पानावर याहून मोठी बचत दुसरीकडे कुठेच नाही.

याचा तोटाही सांगतो. फक्त ‘बी’ समजणारं एखादं जुनं यंत्र, बारकोड स्कॅनर म्हणा किंवा हजेरीचं मशीन, यानंतर जोडलंच जाणार नाही. आधी तपासा. आणि उत्साहात एकटा २४ बेसिक ठेवून बाकी सगळे काढू नका. लांबच्या कोपऱ्यातल्या फोनना बीकनच वाचता येत नाही आणि ‘नेटवर्क दिसत नाही’ अशा तक्रारी सुरू होतात.

आता ताकद, म्हणजे ट्रान्समिट पॉवर. ‘हाय’ ठेवली की बरं, असा समज असतो. ॲक्सेस पॉइंट २३ डीबीएमवर (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप), म्हणजे २०० मिलिवॉटवर ओरडतो. फोनची ताकद मात्र साधारण १५ डीबीएमच्या आसपास. फोनवर चारही कांड्या दिसतात, पण फोनचं बोलणं यंत्रापर्यंत पोहोचत नाही. ‘सिग्नल फुल आहे, पण नेट चालत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. दुसरा त्रास असा, की खालच्या मजल्यावर जोडलेला फोन वर गेल्यावरही खालच्याच यंत्राला चिकटून राहतो. म्हणून ५ गिगाहर्ट्झला १५ ते १७ डीबीएम आणि २.४ ला त्याहून सहा डीबी कमी ठेवा. २.४ मुळातच भिंतींतून जास्त जातं. ते थोडं दबलेलं असलं, की फोन आपसूक ५ गिगाहर्ट्झ निवडतात. मग फोन हातात घेऊन फिरा. जिथे मुलं बसतात तिथे उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याच्या जवळचा, आकडा दिसला पाहिजे. नसेल, तर ताकद वाढवण्याआधी यंत्राची जागा बदलून पाहा.

चिकटलेल्या फोनला सोडवायला ‘मिनिमम आरएसएसआय’ असतं: फोनचा सिग्नल या आकड्याखाली गेला, की यंत्र त्याला सोडतं. तिथे उणे ६५ लिहाल तर फसाल. ज्याला जवळ दुसरं यंत्र नाही, त्यालाही ते ढकलून देतं. तो पुन्हा जोडतो, पुन्हा बाहेर. उणे ७८ च्या आसपास ठेवा. ‘८०२.११ के’, ‘व्ही’ आणि ‘आर’ या फोनला एका यंत्रावरून दुसऱ्यावर जायला मदत करणाऱ्या सोयी. ‘के’ आणि ‘व्ही’ चालू ठेवायला सहसा हरकत नसते. ‘आर’ चालू केल्यावर काही जुने प्रिंटर जोडत नाहीत, तेव्हा ते तपासून.

चॅनल. २.४ मध्ये १, ६, ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. चर्चा संपली. ‘३ वर गर्दी कमी दिसते’ म्हणून तिथे जाऊन बसणारा १ आणि ६ दोघांचीही खोडी काढतो आणि दोघांचाही त्रास स्वतः सोसतो.

५ गिगाहर्ट्झमध्ये मात्र विचार करायला जागा आहे. भारतात २०१८च्या नियमांनी इनडोअर-आउटडोअर वापरासाठी हा पट्टा बऱ्यापैकी मोकळा केला. यंत्र ८० मेगाहर्ट्झ रुंदी सुचवतं. घरी एकच राउटर असेल तर ठीक. तीन यंत्रांच्या अभ्यासिकेत ४० घ्या. रुंदी दुप्पट केली की गोंगाटही ३ डीबीने वाढतो आणि वेगळे चॅनल उरत नाहीत. ४० घेतली, की ३६-४०, ४४-४८, १४९-१५३, १५७-१६१ असे चार गट मिळतात. तीन यंत्रांना पुरून एक उरतो, आणि चारही गट डीएफएसच्या बाहेर आहेत.

डीएफएस म्हणजे रडारला वाट देण्याचा नियम. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ या चॅनलांवर यंत्र सुरू झाल्यावर आधी ६० सेकंद नुसतं ऐकतं. वीज जाऊन आली की मिनिटभर ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसत नाही आणि कुणीतरी घाईने पुन्हा स्विच बंद-चालू करतो. मग मिनिट पुन्हा पहिल्यापासून! युरोपीय नियमाच्या यंत्रांत १२०, १२४, १२८ वर हे ऐकणं दहा मिनिटांचं असतं, कारण तो हवामान रडारचा पट्टा आहे. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड, म्हणजे याच पट्ट्याच्या आसपासचं, रडार आहे. त्या भागात हे चॅनल टाळलेलेच बरे. चालू असताना रडारची चाहूल लागली, तर यंत्राला दहा सेकंदांत चॅनल सोडावा लागतो आणि अर्धा तास तिथे परतता येत नाही. जास्त पॉवर मिळावी म्हणून ‘कंट्री’मध्ये दुसरा देश निवडणं बेकायदा आहे. तिथे ‘इंडिया’च.

उरलेलं भराभर. डीटीआयएम, म्हणजे दर कितव्या बीकनला सर्वांसाठीचे निरोप सोडायचे तो आकडा, १ ते ३. आकडा वाढवला की झोपलेल्या फोनची बॅटरी वाचते, पण सर्वांना उद्देशून पाठवलेला निरोप उशिरा पोहोचतो. ३ ला जवळजवळ ३०७ मिलिसेकंद. फ्रॅगमेंटेशन, म्हणजे मोठ्या निरोपाचे तुकडे पाडायची मर्यादा, २३४६, हात लावू नका. आरटीएस थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याहून मोठा निरोप आधी परवानगी मागून जातो ती मर्यादा, २३४७ असतो. दोन टोकांची यंत्रं एकमेकांना ऐकत नसतील आणि सारखी टक्कर होत असेल, तरच तो हजाराच्या खाली आणा. नाव लपवून सुरक्षितता वाढत नाही. फोन उलट त्या नावाने जागोजागी चौकशी करत फिरतो.

‘डब्ल्यूएमएम’, म्हणजे कॉल आणि व्हिडिओला आधी वाट देणारी सोय, मात्र कधीच बंद करू नका. ते बंद केलं, किंवा सुरक्षिततेत टीकेआयपी ही जुनी कुलूपपद्धत निवडली, तर नव्या पद्धतींचे वेग वापरताच येत नाहीत आणि महागडं यंत्र ५४ मेगाबिटवर अडकतं. सुरक्षिततेत डब्ल्यूपीए२ एईएस, किंवा डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र. फक्त ३ ठेवल्यास स्वस्त स्मार्ट बल्ब आणि प्लग सहसा जोडत नाहीत.

विद्यार्थ्यांच्या नावावर ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू करा, म्हणजे एकाचा लॅपटॉप दुसऱ्याच्या फोनपर्यंत जाणार नाही. कार्यालयाच्या नावावर ते चालू राहिलं तर वाय-फायवरचा प्रिंटर कुणालाच सापडत नाही.

हे सगळं करायचं कसं? यंत्राला केबलने जोडून. वाय-फायवरून चॅनल किंवा पासवर्ड बदलाल तर स्वतःच बाहेर फेकले जाल. आधी ‘बॅकअप’ने फाइल उतरवून घ्या. एका वेळी एकच बदल करा, वहीत जुना आणि नवा आकडा लिहा, संध्याकाळच्या गर्दीत तपासा, मगच पुढचा. अभ्यासिका रिकामी असताना सगळ्याच सेटिंग उत्तम दिसतात. आणि फर्मवेअर अपडेट झाल्यावर देश, पॉवर आणि बेसिक रेट हे तीन रकाने पुन्हा उघडून बघा, काही यंत्रं ते गुपचूप मूळ आकड्यांवर नेऊन ठेवतात.