एका दिवसात दोनच ठिकाणे

नमस्कार, श्रोतेहो. आपल्या बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागात इतिहासाची आवड असलेली माणसे एकत्र आली की पहिला विचार निघतो तो एखाद्या रविवारी सर्वांनी मिळून कुठे तरी जाऊन येण्याचा. अशी एका दिवसाची सहल कशी आखावी, याविषयी आज मी बोलणार आहे.

आमच्या मंडळाच्या पहिल्या सहलीत आम्ही पाच थांबे ठरवले होते. बेळगावचा किल्ला, कित्तूर, देगाव, नंदगड आणि शेवटी हलशी. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास, असे गणित कागदावर फार छान जुळले होते. प्रत्यक्षात हलशीला पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली आणि भूवराह नरसिंहाच्या देवळातली समोरासमोरची दोन गर्भगृहे आम्ही मोबाईलच्या उजेडात, घाईघाईने पाहिली. आमच्यातले एक ज्येष्ठ निवृत्त शिक्षक परतताना म्हणाले, "देव दिसला, पण देऊळ काही दिसले नाही." आयोजनाचा भार माझ्याकडे होता, त्यामुळे ते वाक्य मला फार लागले आणि त्या दिवसापासून एका सहलीत दोनच ठिकाणे हा नियम आम्ही कसोशीने पाळत आलो आहोत.

ही दोन ठिकाणे एका धाग्यात ओवलेली असावीत. हलशी म्हणजे शिलालेख-ताम्रपटांतली पलाशिका, बनवासीच्या प्राचीन कदंब राजांची दुय्यम राजधानी. पुढे बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांपैकी शिवचित्त पेर्माडी याची राणी कमलादेवी हिने कित्तूरजवळ देगावला कमलनारायणाचे देऊळ उभारले. हलशी आणि देगाव एका दिवसात पाहिली, तर एकाच नावाच्या दोन राजघराण्यांमधली शतकांची वाटचाल डोळ्यांसमोर उभी राहते. दुसरा धागा कित्तूरचा. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या लढाईत मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला आणि कित्तूरच्या राणी चन्नम्मांना बैलहोंगलला कैदेत ठेवण्यात आले. तिथेच १८२९ साली त्यांचा अंत झाला. म्हणून सकाळी कित्तूरचा पडका वाडा आणि तिथले संग्रहालय, दुपारनंतर बैलहोंगलची समाधी, असा क्रम ठेवावा. कथा पुढे नंदगडला जाते, कारण चन्नम्मांचे सहकारी संगोळ्ळी रायण्णांना २६ जानेवारी १८३१ रोजी तिथे फाशी देण्यात आले. त्यामुळे नंदगडही त्याच दिवशी उरकण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. नंदगड खानापूरच्या बाजूला आहे आणि त्या जागेसाठी स्वतंत्र दिवस द्यायला हवा.

तारीख ठरवताना पंचांग आणि पाऊस दोन्ही पाहावे. खानापूरच्या जंगलपट्टीत जून ते सप्टेंबर वृद्ध सभासदांना नेणे मला योग्य वाटत नाही. सौंदत्तीचा किल्ला पाहायचा असेल, तर यल्लम्माच्या यात्रेच्या पौर्णिमा, तसेच मंगळवार आणि शुक्रवार टाळावेत. कित्तूरला ऑक्टोबरच्या २३ ते २५ तारखांना उत्सव असतो. तो जरूर पाहावा, मात्र अभ्यासाची सहल त्या दिवसांत नेऊ नये.

सहलीच्या आठवडाभर आधी दोघांनी मोटारसायकलवरून जाऊन मार्ग पाहून यावा, हे मी आग्रहाने सांगतो. देऊळ किती वाजता उघडते, पुजारी गावात असतात की शेतावर, मोठी गाडी वेशीपर्यंत जाते का, पिण्याचे पाणी कुठे मिळेल आणि विशेषतः महिलांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, या गोष्टी फोनवर कळत नाहीत. बेळगावच्या किल्ल्यातला काही भाग सैन्याच्या ताब्यात असल्यामुळे तिथे प्रत्येकाने ओळखपत्र जवळ ठेवावे. जेवणाची शिदोरी घरचीच बरी.

आता प्रत्यक्ष पाहण्याविषयी. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, मंडपात छतातून खाली उतरलेले दगडी कमळ आहे. रट्ट राजांचा अधिकारी बिचिराज याने १२०४ साली ही बस्ती बांधली. ते कमळ मान वर करून दोन मिनिटे पाहिले की मान दुखते, म्हणून आम्ही सतरंजी नेतो आणि बस्तीतल्या मंडळींना विचारून एकेकाला आडवे पडून पाहू देतो. पाकळ्यांचे थर कसे आत आत जातात, ते तेव्हाच कळते. इथले दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत, त्यामुळे त्यांच्या वाचनाची छापील प्रत बरोबर घेऊन आम्ही ती तिथेच मोठ्याने वाचतो. मजकूर जुन्या कन्नडमध्ये आहे. म्हणून सहलीत एक तरी कन्नड जाणकार असावाच. आमच्याकडे कन्नड बोलणाऱ्या एका बाई आहेत आणि त्यांच्याशिवाय आमची सहल निघत नाही.

वाटेतल्या वीरगळांसाठीही, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारक-दगडांसाठीही, वेळ राखून ठेवा. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. एका खेड्यात असा दगड विहिरीशेजारी आडवा पडलेला होता आणि त्यावर कपडे धुतले जात होते. आम्ही कुणाला रागावलो नाही. चित्रांचा अर्थ सांगितला, तेव्हा तिथल्याच एका आजींनी पदराने साबणाचा फेस पुसला आणि "मग ह्याला असं कसं ठेवायचं बाबा?" असे विचारले. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तो दगड देवळाच्या भिंतीला टेकवून उभा केलेला दिसला. झिजलेली अक्षरे वाचण्यासाठी त्यांवर खडू घासू नका, तेलही लावू नका, त्याने दगड खराब होतो. बॅटरी दगडाच्या अगदी कडेला, तिरपी धरा. सावली पडली की अक्षर आपोआप उठून दिसते.

परतल्यावर आठ दिवसांच्या आत बैठक घ्यावी आणि प्रत्येक छायाचित्रामागे गाव, तारीख व दगडाची जागा लिहावी. आमची पुढची सहल जानेवारीत नंदगडला आहे, आणि त्या दिवशी ते एकच ठिकाण पाहायचे असे आम्ही ठरवले आहे. नमस्कार.